आर्क्टिक एक्सपिडिशन क्रूझ: स्वालबार्ड की ग्रीनलंड-कॅनडा? आणि इनुइट लोक खरंच भेटतात का?

ओंजळ:
नमस्कार मंडळी. बहीण ओटावाला असते, पुढच्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाणारच आहोत तर तसंच वर आर्क्टिकला जाऊन यावं असं डोक्यात शिरलंय. कॅसिनो आणि बुफेवालं मोठं क्रूझ नकोय, छोटी जहाजं असतात ना, शे-दीडशे माणसांची, रबरी होडीतून किनाऱ्यावर उतरवतात, ते. नवऱ्याला पक्षी आणि अस्वलं बघायचीत, मला तिथली माणसं बघायचीत, आणि आई (वय ६८, गुडघे बरे आहेत, उत्साह आमच्यापेक्षा जास्त) म्हणते मीही येणार. तीन माणसांचा खर्च बघून पोटात गोळा आलाय त्यामुळे चुकीची ट्रिप निवडायची नाहीये. ट्रॅव्हल एजंट स्वालबार्ड स्वालबार्ड (नॉर्वेची उत्तरेकडची बेटं) करतोय, स्वस्त पडेल म्हणतो. तर प्रश्न असे की १) इनुइट (आर्क्टिकचे मूळ रहिवासी, ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणायचे) संस्कृती बघायची तर कुठला रूट २) नार्व्हाल (लांब सुळ्याचा व्हेल), ध्रुवीय अस्वल वगैरे नक्की दिसतात का ३) गावात नेतात तेव्हा खरंच काही कळतं की नाचगाणं दाखवून परत जहाजावर ४) आई शाकाहारी आहे ५) भारतीय पासपोर्टवर व्हिसाचं काय. कोणी जाऊन आलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, यूट्यूब बघून डोकं उठलंय.

उत्तरवारा:
पहिला मुद्दा आधी निकालात काढतो. स्वालबार्डला इनुइट नाहीत. कधीच नव्हते. १५९६ ला डच जहाजं तिथे पोचली, मग व्हेल मारणारे आले, मग फरसाठी सापळे लावणारे, मग कोळशाच्या खाणी. लाँगयिअरब्येन गावात आज अडीचेक हजार लोक राहतात पण ते सगळे जगभरातून नोकरीसाठी आलेले. बर्फ, वॉलरस, अस्वल एवढंच हवं असेल तर स्वालबार्ड उत्तम आहे, एजंट अगदीच खोटं बोलत नाहीये. शिवाय नी-ओलेसुंडला आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे २००८ पासून, गोव्यात वास्कोला जी ध्रुवीय संशोधन संस्था आहे तिच्याकडे त्याचा कारभार, तेवढाच आपला संबंध. पण माणसं बघायची म्हणताय तर तो रूट सोडा.

तुमच्यासाठी रूट म्हणजे पश्चिम ग्रीनलंड आणि कॅनडातलं नुनावुत. नुनावुत १ एप्रिल १९९९ ला कॅनडातच वेगळा प्रदेश झाला, तिथले जवळजवळ ८५ टक्के लोक इनुइट, एकूण २५ गावं आणि एकाही गावातून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. विमान नाहीतर बोट, हिवाळ्यात स्नोमोबाईल. म्हणून तर जहाज. साधारण असा मार्ग असतो: ग्रीनलंडमध्ये कांगेरलुसुआक किंवा नूकला जहाजावर चढायचं, वर डिस्को बे आणि इलुलिसात (तिथला हिमखंडांचा फ्योर्ड, म्हणजे समुद्राची अरुंद खाडी, २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे), मग बॅफिन बे ओलांडून पाँड इनलेट, मग लँकेस्टर साउंड, डेव्हन बेट, बीची बेट, आणि रेझोल्यूटला उतरून चार्टर विमानाने खाली. किंवा हेच उलट्या दिशेने. बहीण ओटावाला असेल तर सोयच आहे, कॅनडातल्या आर्क्टिकची बरीच विमानं तिथूनच सुटतात.

नाचगाण्याबद्दल सविस्तर नंतर लिहितो, आता मीटिंग आहे.

पक्षीवेडा_नाशिक:
नवऱ्याच्या बाजूने मी बोलतो :)

नक्की दिसतात का याचं उत्तर नाही. नार्व्हाल तर अजिबात धरून चालू नका. पाँड इनलेटच्या आसपास एक्लिप्स साउंड, मिल्न इनलेट भागात ते उन्हाळ्यात असतात, पण प्रचंड लाजाळू, इंजिनाचा आवाज आला की निघून जातात. ब्रोशरच्या कव्हरवर मात्र दोन शिंगं एकमेकांवर टेकवलेला फोटो हमखास (शिंग नाही तो, डावा सुळा आहे वरचा ओठ फोडून बाहेर आलेला). बेलुगा (पांढरा व्हेल) दिसायचा चान्स त्यापेक्षा बरा, सॉमरसेट बेटावरच्या कनिंगहॅम इनलेटमध्ये जुलै ते ऑगस्टच्या सुरुवातीला उथळ पाण्यात येऊन अंग घासतात, जुनी कातडी काढायला. बोहेड व्हेल मिळाला तर नमस्कार करा, दोनशे वर्षांच्या वर जगतो तो. २००७ मध्ये अलास्कात एक मारला गेला त्याच्या अंगात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे बनलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला होता!! म्हणजे टिळकांच्या काळातला भाला अंगात घेऊन तो पोहत होता.

आता महत्त्वाचं, तारखा. हे एजंट सांगत नाहीत. ऑगस्टचा पहिला अर्धा भाग म्हणजे पक्षी. प्रिन्स लिओपोल्ड बेटाचे कडे अडीचशे मीटरच्या वर उंच आहेत आणि त्यावर थिक-बिल्ड मर, किटीवेक, फुलमार असे लाखोंनी बसलेले असतात, वास आधी येतो, आवाज मग, बेट सगळ्यात शेवटी दिसतं. मरची पिल्लं उडता यायच्या आधीच कड्यावरून समुद्रात उडी मारतात आणि मग बाप त्यांना घेऊन पोहत पोहत दक्षिणेकडे निघतो, आई नाही, बाप. हे सगळं ऑगस्टच्या शेवटापर्यंत उरकतं, नंतर कडे बरेचसे रिकामे. पण जर पूर्ण नॉर्थवेस्ट पॅसेज (कॅनडाच्या वरून अटलांटिकहून पॅसिफिककडे जाणारा समुद्रमार्ग) करायचा असेल, म्हणजे पार पश्चिमेला कुगलुकटुकपर्यंत, तर बर्फ ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरमध्येच वाट देतो, तेव्हा पक्षी गेलेले, पण रात्री अंधार पडायला लागल्यामुळे अरोरा (आकाशातला रंगीत ध्रुवीय प्रकाश) दिसू शकतो. दोन्ही एका ट्रिपमध्ये मिळत नाही. वॉलरस आणि अस्वल दोन्ही वेळेला नशिबावर. अस्वल बऱ्याचदा बर्फावर पिवळसर ठिपका असतं, तासभर दुर्बिणीतून बघायची तयारी ठेवा. कॅमेऱ्यापेक्षा दुर्बिणीवर पैसे घाला, १०x४२ तरी, आणि तिघांना तीन.

मिरची_ठेचा:
विरजण टाकतो, सॉरी. माणशी दहा हजार डॉलरच्या वर घालून दीड हजार वस्तीच्या गावात दीडशे माणसांनी लाल जॅकेटं घालून उतरायचं, शाळेच्या हॉलमध्ये बसून टाळ्या वाजवायच्या, पोरांचे फोटो काढायचे आणि परत जाऊन गरम सूप प्यायचं. याला संस्कृती बघणं म्हणायचं का? शिवाय विमान अधिक जहाज, बर्फ वितळतोय म्हणून हळहळायचं आणि तो वितळवायला डिझेल जाळत जायचं. आपल्याकडे गडचिरोलीत किंवा मेळघाटात कोणी अशी बोट भरून आणली तर आपल्याला कसं वाटेल. त्यापेक्षा तेवढ्याच पैशात इकालुइटला (नुनावुतची राजधानी) विमानाने जा आणि आठवडाभर एका गावात राहा. किंवा इलुलिसातला राहा. लोक तिथे जास्त भेटतील.

डॉ_गावठी:
आईंच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी. झोडियाक, म्हणजे त्या रबरी होडीत चढणं-उतरणं हाच खरा प्रश्न असतो, चालणं नव्हे. जहाजाच्या शिडीवरून हलत्या होडीत पाय टाकायचा, मदतनीस मनगट धरतात, आणि किनाऱ्यावर धक्का नसतो, गुडघ्याच्या खाली का होईना पाण्यात उतरायचं, रबरी बूट देतात. घरी स्टुलावर चढ-उतार न धरता जमते का बघा. बॅफिन बे किंवा डेव्हिस स्ट्रेट ओलांडताना एक-दोन दिवस जहाज हलतं, मळमळीची गोळी हलायला लागल्यावर नाही, आधी घ्यायची. रक्तदाबाची वगैरे औषधं दुप्पट न्या, धुक्यामुळे रेझोल्यूटचं विमान अडकणं ही तिकडे नेहमीची गोष्ट. आणि इन्शुरन्समध्ये इव्हॅक्युएशन कव्हर किती आहे ते नीट वाचा, जहाजावर डॉक्टर असतो पण ऑपरेशन थिएटर नसतं, विमानाने हलवायचं म्हटलं तर बिल बघून दुसरा झटका येईल. आपल्या नेहमीच्या ट्रॅव्हल पॉलिसीत साठीच्या पुढे आधीचे आजार वगळलेले असतात, ते तपासा.

उत्तरवारा:
@मिरची_ठेचा, तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे आणि अर्धा नाही.

हॉलमधला कार्यक्रम असतोच. पाँड इनलेटला (तिथले लोक मित्तिमातालिक म्हणतात) गळ्यातून गायचा प्रकार दाखवतात, कटाज्जाक, दोन बायका समोरासमोर उभ्या राहून श्वासावर श्वास टाकत गातात आणि जी आधी हसेल ती हरली, मुळात तो खेळच आहे. कुल्लिक पेटवतात, म्हणजे दगडाचा अर्धचंद्राच्या आकाराचा दिवा, सीलच्या चरबीवर जळणारा, वात मॉसची (शेवाळासारखी वनस्पती) आणि कापूसगवताची, पूर्वी घरातला उजेड, ऊब, स्वयंपाक आणि ओले कपडे वाळवणं सगळं त्याच्यावर. आमच्या वेळेला दिवा लावणाऱ्या आजी वात सारखी करत करत पंधरा मिनिटं काही बोलल्याच नाहीत आणि हॉलमध्ये लोकांची चुळबुळ सुरू झाली, त्यांना काही फरक पडला नाही. पाहुण्यांसाठी का होईना पण हे करणाऱ्यांना त्याचे पैसे मिळतात, जहाजं कधी आणायची याबद्दल गावाशी आधी बोलावं लागतं. याच भाषेवर आणि गाण्यावर मिशनरी आणि पोरांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळांनी पिढ्यान्पिढ्या बंदी घातलेली, आता पोरं परत शिकतायत, तर त्यांनी ते स्टेजवर केलं म्हणून ते खोटं होत नाही. आपल्याकडे लावणीचा कार्यक्रम तिकीट लावून होतो तेव्हा आपण खोटी म्हणतो का.

पण हॉल सोडून बाकी काय बघता यावर सगळं आहे. माझ्यामते तरी जहाज निवडताना केबिन बघू नका, जहाजावर इनुइट गाईड किती आणि कोण ते विचारा. नुसता 'कल्चरल ॲम्बॅसेडर' एक ठेवलाय का, की दोन-चार जण आहेत जे लेक्चर देतात, किनाऱ्यावर अस्वलावर नजर ठेवतात, जेवणाच्या टेबलावर तुमच्याबरोबर बसतात. त्याने ट्रिप पूर्ण बदलते. उदाहरण देतो. बीची बेटावर प्रत्येक जहाज थांबतं, तिथे नॉर्थवेस्ट पॅसेज शोधायला निघालेल्या फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्दीच्या मोहिमेतल्या तीन खलाशांची थडगी आहेत, १८४६ ची. १८४५ ला इंग्लंडहून दोन जहाजं निघाली, एरेबस आणि टेरर, १२९ माणसं आर्क्टिकला पोचली, एकही परत आला नाही. ब्रिटिश इतिहासकार सांगेल की किती धाडसी आणि किती गूढ. आमच्याबरोबरचा इनुइट गाईड म्हणाला गूढ कसलं, आमच्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं. आणि खरंच आहे ते. १८५४ मध्ये जॉन रे नावाच्या माणसाने इनुइटांकडून ऐकून कळवलं की माणसं उपासमारीने मेली आणि शेवटी एकमेकांना खाल्लं, तर लंडनमध्ये गदारोळ, रानटी लोकांवर कसला विश्वास ठेवता म्हणून. नंतर हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या. जहाज कुठे बुडालं तेही इनुइट सांगतच होते, एरेबस २०१४ ला मिळालं ते साधारण त्याच भागात, आणि टेरर २०१६ ला जोआ हेवनच्या सॅमी कोगविकने खूण सांगितल्यावर मिळालं. त्या थडग्यांपाशी उभं राहून हे कोणाच्या तोंडून ऐकता यावर तुम्ही काय घेऊन परत येता ते ठरतं.

दुसरं रेझोल्यूट. बहुतेक लोक तिथे फक्त विमान पकडतात, धुळकट गाव आहे म्हणून नाकं मुरडतात. १९५३ आणि ५५ मध्ये कॅनडा सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधली कुटुंबं जहाजात घालून दोन हजार किलोमीटर वर आणून सोडली, रेझोल्यूटला आणि ग्रीस फ्योर्डला. शिकार भरपूर आहे, नाही आवडलं तर दोन वर्षांत परत आणू असं सांगून. शीतयुद्ध चालू होतं, त्या बेटांवर आपली माणसं राहतात असं जगाला दाखवायचं होतं. लोकांनी आयुष्यात महिनोन्महिन्यांची अखंड रात्र बघितली नव्हती, तिथले प्राणी कुठून येतात-जातात माहीत नव्हतं, पहिला हिवाळा तंबूत. आणि परत आणायचं वचन पाळलं नाही. माफी मागितली ती २०१० मध्ये. दोन्ही गावांत स्मारकं आहेत. जहाज ग्रीस फ्योर्डला थांबत असेल (कॅनडातलं सगळ्यात उत्तरेचं गाव, वस्ती दीडशेच्या आत-बाहेर) तर तो रूट घ्या, जास्त पैसे पडले तरी.

एका गावात आठवडाभर राहायची कल्पना चांगली आहे, पण ओळख नसेल तर हॉटेलात बसून राहाल आणि हॉटेल स्वस्त नाही. ६८ वर्षांच्या आईंबरोबर मी तरी जहाजच घेईन.

कार्बनबद्दल काही बोलत नाही, तिथे तुमचं बरोबर आहे.

तुळस_वृंदावन:
मला एक विचारायचं होतं, तिकडे व्हेल आणि सील मारतात ना अजून? गावात गेल्यावर किनाऱ्यावर ते कापताना दिसतात म्हणे. शाकाहारी माणसाला बघवेल का ते? आणि वन्यजीव बघायला जायचं आणि तिथलेच लोक ते मारून खाणार हे मला तरी पटत नाही, अस्वलाची पण शिकार करतात म्हणे.

पक्षीवेडा_नाशिक:
मी स्वतः अंडंसुद्धा खात नाही तरी सांगतो, तिथे जाऊन हा प्रश्न डोक्यात नीट बसतो. झाड नाही, शेत नाही, सामान आणणारं जहाज उन्हाळ्यात एक-दोनदा येतं, बाकी सगळं विमानाने, भाजीचे भाव बघून चक्कर येते. नार्व्हालची कातडी आणि चरबी कच्ची खातात, माकताक, त्यात क जीवनसत्त्व असतं म्हणून तर लिंबू-संत्र्याशिवाय हे लोक हजारो वर्षं जगले आणि गोरे खलाशी स्कर्व्हीने मेले. नार्व्हाल आणि अस्वलाला कोटा असतो, गावातल्या शिकारी संघटना तो वाटून देतात. आणि सीलचं म्हणाल तर १९८३ मध्ये युरोपने सीलच्या पांढऱ्या पिल्लांच्या कातडीवर बंदी घातली, इनुइट ती पिल्लं मारतच नव्हते, ते मोठे रिंग्ड सील मारतात खाण्यासाठी आणि कातडी विकतात, पण बाजारच कोसळला आणि गावंच्या गावं सरकारी मदतीवर आली. आपल्या दयेचा खर्च दुसऱ्यानेच भरला. याउलट क्लाईड रिव्हर नावाच्या गावाने तेल शोधण्यासाठी समुद्रात होणाऱ्या स्फोटांच्या आवाजाविरुद्ध केस केली, व्हेलना त्रास होईल म्हणून, आणि २०१७ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात जिंकले. आता सांगा व्हेलचा रखवालदार कोण.

बघवेल का म्हणाल तर आमच्या ग्रुपमधले काही जण मागे फिरले, कोणी काही म्हटलं नाही. फक्त तोंड वाकडं करून फोटो काढू नका. चव द्यायला पुढे केलं तर नाही म्हटलेलं चालतं, हसून म्हणायचं.

मिरची_ठेचा:
@उत्तरवारा, लावणीचं उदाहरण बरोबर नाही, लावणी बघायला जाणारा प्रेक्षक तिथलाच असतो, त्याला शब्द कळतात. पण गाईड बघून जहाज निवडा हे पटलं, हे कोणत्याच ब्लॉगवर वाचलं नव्हतं. तुम्ही निवासी शाळांचं लिहिलंत त्यात एक भर घालतो, १९४० च्या दशकापासून सरकारने प्रत्येक इनुइटला नंबर दिला होता, चामड्याचा किंवा फायबरचा बिल्ला गळ्यात घालायचा, कारण साहेबांना नावं उच्चारता यायची नाहीत आणि आडनावं नव्हती. पत्रव्यवहार त्या नंबरावर. १९७० च्या आसपास आडनावं दिली तेव्हा ते थांबलं. म्हणजे आज जी सत्तरीची आजी दिवा लावून दाखवते तिच्या गळ्यात लहानपणी तो बिल्ला असणार. एवढं वाचून जा म्हणजे झालं, मग टाळ्या वाजवा.

ओंजळ:
बाबौ, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. @मिरची_ठेचा तुमच्या पहिल्या प्रतिसादावर जरा राग आला होता पण दुसरा वाचून गेला. घरात वाचून दाखवलं, आईने बिल्ल्याचा भाग दोनदा वाचायला लावला. ठरलं असं की स्वालबार्ड रद्द, ऑगस्टचा पहिला पंधरवडा, ग्रीनलंड ते रेझोल्यूट, आणि ग्रीस फ्योर्डला थांबणारी एक कंपनी सापडलीये, त्यांना इमेल टाकून विचारलंय की इनुइट स्टाफ किती, अजून उत्तर नाही (उत्तर येत नाही हेच उत्तर समजायचं का?). स्टुलाचा प्रयोग आई पास. आता राहिले प्रश्न तीन, जेवण, व्हिसा, आणि तिथून काय आणायचं.

उत्तरवारा:
जेवणाची काळजी नको, जहाजावर शाकाहारी व्यवस्थित मिळतं, फक्त बुकिंग करतानाच लिहून द्या आणि 'मासे पण नाही, अंडं हो की नाही' असं फोडून सांगा. मेतकूट, चटण्या, थेपले घ्या, पण कॅनडात बाहेरचं अन्न नेताना फॉर्मवर डिक्लेअर करा. गावातल्या दुकानात गेलात तर दूध-फळं उचलू नका, तो माल गावासाठी मोजून आलेला असतो. उत्तर आलं नाही तर फोन करा, तेवढ्यावर कंपनी सोडू नका, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची माणसं जहाजावरच असतात.

आणायचं म्हणाल तर दगडातलं कोरीवकाम किंवा किन्नाइत गावच्या प्रिंट्स, केनोजुआक आशेवाक ही चित्रकार तिथलीच, तिचं घुबड कॅनडाच्या पोस्टाच्या तिकिटावर आलंय. मूर्तीवर इग्लूचं चिन्ह असलेला टॅग बघा, म्हणजे इनुइट कलाकाराचं काम. थेट कलाकाराकडून घ्या, रोख कॅनेडियन डॉलर ठेवा, घासाघीस करू नका. नार्व्हालचा सुळा, वॉलरसचा दात, सीलची कातडी यांच्या वाट्याला जाऊ नका, परवाने लागतात आणि मुंबई एअरपोर्टवर कस्टम्सला समजावत बसाल.

पक्षीवेडा_नाशिक:
आणि डोक्यावरून घ्यायची मच्छरांची जाळी!! कांगेरलुसुआकला उन्हाळ्यात ढगांनी मच्छर असतात, आर्क्टिक म्हणून कोणी घेऊन जात नाही.

नॉर्थ_पोल_नाना:
व्हिसाचं मी सांगतो, आत्ताच यातून गेलोय. ग्रीनलंड डेन्मार्कचं असलं तरी शेंगेनमध्ये (युरोपातल्या बऱ्याच देशांची एकाच व्हिसाची व्यवस्था) नाही, त्यामुळे नुसता शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. डॅनिश व्हिसाचा अर्ज करताना ग्रीनलंडला जाणार असं लिहायचं आणि व्हिसावर ग्रीनलंडसाठी वैध असा वेगळा शेरा घ्यायचा. तो शेरा आहे का हे पासपोर्ट हातात आल्या आल्या काउंटरवरच बघा, घरी येऊन नाही. कोपनहेगन किंवा आइसलँडमार्गे जाणार असाल तर शेंगेनही लागेल. कॅनडाचा व्हिसा मल्टिपल एंट्री हवा, कारण तुम्ही बहिणीकडे आधी उतरलात तर ग्रीनलंडहून जहाजाने परत कॅनडात येणं ही दुसरी एंट्री धरतात, पाँड इनलेटला अधिकारी जहाजावर येऊन शिक्के बघतात. आधी कॅनडाचा करा, तो वेळ खातो. डॅनिशच्या अपॉइंटमेंटा मे-जूनमध्ये मिळत नाहीत, मार्चमध्येच धरा. आणि आईंचा पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालतोय ना बघा.

ओंजळ:
आईचा ऑक्टोबरला संपतोय!! उद्याच अर्ज करते. नाना __/\__